रुई, काळी माती आणि अ‍ॅम्प्लिफायर

मशीन, म्हणजे आमच्या भाषेत अ‍ॅम्प्लिफायर, उघडली की लगेच हात घालायचा नाही, आधी वास घ्यायचा. ज्यांच्या दुकानात मी हा धंदा शिकलो त्या उस्तादांनी मला हे पहिल्या पावसाळ्यातच शिकवलं. जळक्या बॅकेलाइटचा वास वेगळा, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वेगळा, उंदराच्या मुताचा तर कुणालाही कळतो. या सगळ्यांच्या खाली प्रत्येक मशीनमध्ये धुळीचा स्वतःचा वास असतो. देवळातल्या मशीनला कापराचा आणि जळक्या तेलाचा, जिनिंगच्या बाजूनं आलेलीला सरकीचा, मिरवणुकीत फिरलेलीला गुलालाचा. गिऱ्हाईक गावाचं नाव सांगायच्या आधीच उस्ताद विचारायचे, "मंदिरातली हाय न हे?" आणि बहुतेक वेळा ती मंदिरातलीच असायची.

आमच्या यवतमाळकडच्या दारव्ह्याचा इतिहास सांगायला बसलं की लोक कापसाचं सांगतात, शकुंतला रेल्वेचं सांगतात, धामणगाव देवच्या मुंगसाजी महाराजांचं सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण ज्याचं आयुष्य अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे दुरुस्त करण्यात गेलं त्याच्यापाशी या गावाचं आणखी एक दप्तर असतं, आणि ते मशीनच्या पोटात साचलेलं असतं. आमचा धंदा इथे उभा राहिला तो पार्ट बदलण्यावर नाही, साफसफाईवर. बंद म्हणून दुकानात आलेल्या पुष्कळशा मशीन नुसत्या नीट साफ केल्या की बोलायला लागत. हे असं का, याचं उत्तर इथल्या मातीत आणि इथल्या पिकात आहे.

आमची जमीन काळी. या मातीतले चिकणकण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात, एकेकटे डोळ्यांना दिसतच नाहीत. पाणी लागलं की ती फुगते, चैत्र-वैशाखात भेगाळते आणि वाळून वाऱ्यावर उडते ती थेट मशीनच्या जाळीतून आत. तिच्या जोडीला रुई. कापूस हवेतूनच ओल घेतो. साध्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी धरून असतो, दमट हवेत त्याहून जास्त. म्हणजे आमच्याकडची धूळ ही पाणी पिणारी धूळ आहे. कोरडी असताना ती फार तर हवा अडवते. मृगाचा पाऊस पडला की तीच ओलसर होते आणि तिच्यातून वीज सरकायला लागते, नको त्या जागेहून नको त्या जागी. उन्हाळाभर ठणठणीत वाजलेली मशीन पोळ्याच्या सुमारास का कुरकुरते, हे ज्याला कळलं त्याला आमचा अर्धा धंदा कळला.

ही रुई इथल्या हवेत उडायला लागून शंभराहून जास्त वर्षं झाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन, म्हणजेच शकुंतला, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं टाकली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरू झाली. वऱ्हाडाचा कापूस तिच्यावरून मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनला जायचा, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना. दारव्हा मोतीबाग हे तिच्यावरचं जंक्शन. १९३१ मध्ये इथून पुसदला फाटा निघाला होता, तो पुढे उखडला गेला. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांची रांग लागायची, जिनिंगचे रेचे सुरू व्हायचे, आणि होळी उलटेपर्यंत हवेत रुईचे तंतू तरंगत राहायचे. खुद्द मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन या रुळांवर १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. त्याची काजळीही आमच्या मशीनमध्ये यायची. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन वीज वाहून नेतो. स्टेशनाकडच्या दुकानांतून आलेल्या जुन्या मशीनमध्ये बोटाला चिकटणारी ही काळी पूड हमखास सापडायची. डिझेल इंजिन आल्यावर ती कमी होत गेली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की किती तरी दिवसांत काळं बोट पुसलेलं नाही.

आवाजाचं यंत्र गावात यायच्या आधी दवंडी होती, डफडं होतं आणि माणसाचा गळा होता. सभांना लाऊडस्पीकर लावण्याची चाल देशात १९३०च्या दशकात पसरली, ती बरीचशी मुंबईच्या शिकागो रेडिओमुळे. ही कंपनी मोटवाने घराण्याची. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोत माईकवर तिच्या नावाची पाटी दिसते. त्या घरातले नानिक मोटवाने १९४२ च्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर आरोपी होते आणि पुढे सुटले. उस्ताद हे फार अभिमानानं सांगत. आपल्या धंद्यातला माणूस स्वातंत्र्यासाठी कोर्टात उभा राहिला, याचं त्यांना मोल होतं, आणि मलाही आहे. १६ जुलै १९४८ ला नागपूर आकाशवाणी सुरू झाली तशी तालुक्याच्या गावांत रेडिओ वाढले, रेडिओबरोबर रेडिओ दुरुस्त करणारे आले, आणि त्यांच्याच टेबलावर मंडप-भोंगे भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्यांच्या मशीन यायला लागल्या. दिल्लीची आहुजा कंपनी १९४० पासूनची. पुढे तिचं नाव तांड्या-वस्त्यांपर्यंत गेलं. भोंगे लागायचे ते सगळीकडेच: पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, आर्णीचा उर्स, १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, भागवत सप्ताह, लग्नं, आणि अधूनमधून निवडणुका. वसंतराव नाईकांचं गहुली गाव इथून दूर नाही. ते मुख्यमंत्री असताना या भागात सभांची आणि भोंग्यांची काही कमी नव्हती.

त्या वेळी कित्येक खेड्यांत वीजच नव्हती. मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. बॅटरीच्या बारा व्होल्टवर आतले काचेचे व्हॉल्व्ह बोलत नाहीत, त्यांना काहीशे व्होल्ट लागतात. म्हणून आत वायब्रेटर असायचा. एक पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत बॅटरीची वीज कापायची आणि ट्रान्सफॉर्मर ती चढवायचा. त्या पत्तीच्या टोकावर कचरा बसला की मशीन मुकी. उस्ताद सांगायचे की बंडीतून मशीन गावात पोचेपर्यंत वायब्रेटर मातीनं भरून जायचा, मग कंदिलाच्या उजेडात तो उघडून पत्ती साफ करायची आणि मगच कीर्तन सुरू व्हायचं.

व्हॉल्व्हच्या मशीनवर मी शिकलो तेव्हा तिचा जमाना संपत आला होता, पण धुळीचा खरा धडा तिच्याकडूनच मिळतो. व्हॉल्व्ह तापतो, तापलेली हवा वर जाते, खालून नवी हवा आत येते आणि येताना माती घेऊन येते. शिवाय जिथे व्होल्टेज जास्त तिथे धूळ ओढली जाते. ईएल ३४ या व्हॉल्व्हची तिसरी पिन प्लेटची, तिच्यावर चारशेच्या आसपास व्होल्ट, आणि शेजारचीच दुसरी पिन फिलामेंटची. दोन पिनांमधल्या बॅकेलाइटवर रुई आणि माती बसली, तिला श्रावणातली ओल मिळाली की आधी बारीक तडतड ऐकू येते. लोकांना वाटतं माईक खराब आहे. मग एके दिवशी ठिणगी उडते, बॅकेलाइट जळून त्याचाच कोळसा होतो, आणि कोळशाची ती रेघ पुढे कायमची वाट बनते. अशी रेघ ब्रशनं जात नाही. चाकूच्या टोकानं खरवडून काढावी लागते, नाही तर सॉकेट बदलायचं. तडतड सुरू झाली त्याच आठवड्यात मशीन साफ केली असती तर चार आण्याचं काम होतं. हे मी हजारदा सांगत आलो आणि अजूनही सांगतो.

देवळातल्या मशीनची तऱ्हा निराळी. पहाटेच्या सामुदायिक ध्यानासाठी, काकड्यासाठी, हरिपाठासाठी ती गाभाऱ्याशेजारच्या फळीवर बारा महिने असते. तिच्यावर कापराची, अगरबत्तीची आणि तेलाच्या दिव्याची चिकट काजळी बसते आणि त्या चिकट्यावर माती. कोरडा ब्रश तिथे काही करत नाही, स्पिरिटचंच काम. मिरवणुकीच्या मशीनमध्ये गुलाल. कंपनीचा असो की घरचा, तो पिठासारखा बारीक असतो आणि घामाच्या हातांनी बटणं फिरवली की बटणाच्या दांड्यावरून थेट आत उतरतो. टूरिंग टॉकीजच्या मशीनबद्दल मी फक्त ऐकलंय. उस्तादांनी तरुणपणी यात्रेतल्या अशा एका टॉकीजवर काम केलं होतं. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ज्योत पेटायची, तिची राख अख्ख्या केबिनमध्ये. फिल्मच्या कडेला आवाजाचा पट्टा असतो, त्याच्यातून बारीक दिव्याचा उजेड पार होऊन फोटोसेलवर पडतो आणि तिथे आवाज तयार होतो. त्या दिव्याच्या भिंगावर राख बसली की आवाज मंद होत जायचा. प्रेक्षक ओरडायचे, "आवाज!" आणि उस्ताद मलमलच्या कापडानं भिंग पुसायचे. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण त्यांनी अशा वेळी कधीच वाढवलं नाही. वाढवलं असतं तर खरखरच मोठी झाली असती.

मग ट्रान्झिस्टर आले. २एन३०५५ हा लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर ज्यानं हाताळला नाही असा माझ्या वयाचा मेकॅनिक नसेल. व्होल्टेज चारशेवरून पन्नास-साठवर आलं, ठिणगीची भीती संपली, आणि धुळीचं दुसरं दुखणं पुढे आलं ते उष्णतेचं. या मशीन घेतलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत घालवतात. ती बाहेर टाकायला हीटसिंकच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांमधली फट रुईनं भरली की मशीननं जणू मे महिन्यात गोधडी पांघरली. आणि आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा बेचाळीसच्या पुढे जातो. भीमजयंतीच्या मिरवणुकीत दुपारी चारला मशीन बंद पडते, संध्याकाळी आपोआप सुरू होते, आणि लोक म्हणतात करंट कमीजास्त झाला. करंटचाही दोष असतो. लोडशेडिंगच्या वर्षांत तर फारच होता. पण झाकण काढून पाहिलं की पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर निघायचा, एका ओढीत अख्खा हातात येणारा. कॅपॅसिटरचा तर हिशेबच आहे, दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. धुळीखाली दाबलेला कॅपॅसिटर दहा वर्षांऐवजी पाच वर्षांत वाळतो आणि मग मशीन घुमायला लागते. त्या वेळी साफसफाईनं काही होत नाही, कॅपॅसिटर बदलावाच लागतो. प्रत्येक दोष धुळीचा नसतो हे मान्य केलंच पाहिजे. पण धूळ काढल्याशिवाय दोष दिसत नाही.

साफ करण्याची एक रीत आहे आणि ती मोडलेली मला खपत नाही. आधी प्लग बाहेर. मग मोठ्या कॅपॅसिटरला शंभर वॉटचा बल्ब लावून आतली वीज काढून टाकायची. पेचकसानं शॉर्ट करायची नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये प्लग काढल्यावरही चारशे व्होल्ट दबा धरून असतात आणि त्यांनी माणसं गेलेली आहेत. मग कोरडा ब्रश, रंगाऱ्याचा एक इंची, वरून खाली. पाणी किंवा स्पिरिट आधी कधीच नाही, कारण ओल्या हातानं काळ्या मातीचा चिखल होतो आणि तो पार्टांच्या खाली शिरतो. मग हवा. पूर्वी आम्ही सायकलचा पंप वापरायचो, आता ब्लोअर आहे. ब्लोअर मारताना मशीनचा पंखा बोटानं धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो गरगर फिरतो आणि उलटी वीज तयार करून आतलं सर्किट बिघडवू शकतो. हे पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही, म्हणून मी मीटर लावून दाखवतो.

हे झालं की स्पिरिट. कापसाचा बोळा घ्यायचा नाही, त्याचे तंतू पुन्हा आत राहतात. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम. आवाजाच्या बटणात दोन थेंब सोडून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचं. रिलेच्या टोकांवर चांदीचा मुलामा असतो, तिथे पॉलिश पेपर घासणं म्हणजे पाप; कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून टोकांमध्ये धरायची आणि हळू ओढायची. आणि मागच्या जॅकची तर गोष्टच आहे. बऱ्याच मशीनमध्ये आवाजाचा रस्ता मागच्या एका रिकाम्या जॅकच्या पत्तीतून जातो. पिन घातली की पत्ती उचलते, काढली की टेकते. वर्षानुवर्षं पिन घातलीच नाही की पत्तीखाली माती बसते आणि आवाज गायब. "खर्रर्र करून राह्यली भाऊ, आवाजच नाही येऊन राह्यला," म्हणत गिऱ्हाईक येतं; पिन दहा वेळा आतबाहेर केली की मशीन बोलते. पैसे किती घ्यायचे हा प्रश्न मग पडतो. उस्ताद अशा कामाचे पैसे घेत नसत, पण मशीन ठेवून घेऊन पूर्ण साफ करून द्यायचे आणि त्याचे घ्यायचे. शेवटी सिरीज बोर्ड. मशीन बल्बच्या सिरीजमध्ये जोडून चालू करायची. बल्ब एकदा भडकून मंद झाला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद.

स्पिरिटच्या आधी सीटीसी होतं, कार्बन टेट्राक्लोराइड. गोडसर वासाचं, क्षणात उडून जाणारं, ग्रीस-चिकटा असा काढायचं की मशीन नवी वाटावी. उस्ताद त्यात बोटं बुडवायचे. ते लिव्हर खातं हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते आभाळातल्या ओझोनलाही खातं म्हणून १९९० मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या यादीत ते आलं, आणि भारतात २०१० पासून असा वापर बंद झाला. मला त्याची आठवण येत नाही. धूळही माणसाला तशीच खाते. जिनिंगमध्ये जन्म काढलेल्या बायका-माणसांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आलो. कापसाच्या धुळीनं फुप्फुसाला होणाऱ्या त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. मशीनला लागणारी धूळ माणसाला आधी लागते. दुकानातल्या पोरांना मी तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय ब्लोअर हातात देत नाही.

गावाची एक रूढीच पडली होती. पोळा जवळ आला की मंडळांच्या मशीन सायकलवर, डोक्यावर, पुढे ऑटोतून दुकानात यायच्या. गणपतीच्या आधी सगळ्या साफ व्हायला हव्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही स्वतःचं सामान धुऊनपुसून मांडायचो, मीटर, कैची, सोल्डरिंग आयर्न, सिरीज बोर्ड, आणि त्यावर हळद-कुंकू. त्या दिवशी कुणाची मशीन घ्यायची नाही. याच मुलखात गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी गाव झाडायचे. उस्तादांच्या दुकानात त्यांचा फोटो होता, देवांच्या फोटोंच्या रांगेत, आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम झाडण्याचंच असायचं.

आताच्या मशीन क्लास डी. वजनाला हलक्या, ताकदीला दसपट, आत पंखा, आणि पार्ट तांदळाच्या दाण्याहून लहान. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद झाला. तो नियम मला मान्य आहे; आजारी माणसाच्या घरासमोर रात्री एकला वाजणाऱ्या मशीनचा अभिमान मला कधी वाटला नाही. शकुंतलाही थांबली, मोतीबागेत गाडी येत नाही. रुई आणि माती मात्र तशीच आहे. उलट पंखा ती ओढून आत घेतो, आणि पार्टच्या दोन पायांमधलं अंतर आता अर्धा मिलिमीटर, तेव्हा ओली धूळ तिथे पूल बांधायला पूर्वीइतका वेळ घेत नाही. पोरं बोर्ड काढून नवा टाकतात आणि मशीनची धूळ तशीच ठेवतात. तोच दोष दोन महिन्यांत परत येतो, कारण बोर्ड बदलला, धूळ बदलली नाही. मी मंडळांना सांगतो, पंख्याच्या तोंडावर स्पंजची जाळी लावा आणि ती दर कार्यक्रमाला धुवा. मशीन तापलेली असताना कापडानं झाकू नका, थंड झाल्यावर झाका. आणि वर्षातून एकदा नाही, दोनदा उघडा. एकदा होळीनंतर, जिनिंग थंडावल्यावर. आणि एकदा मृगाच्या आधी.